गंगबलहून दोन वाटा

माझे वडील, अण्णा, नाशकात सातपूरच्या एका कारखान्यात लेथ चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायचे. या दोन गोष्टींखेरीज तिसऱ्या कशात त्यांचा जीव रमलेला मी पाहिला नाही. कामगार वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांत दिवस भोंग्यावर चालायचा. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की जिन्यातून सायकली खाली उतरवल्याचे आवाज, मग बुटांचा धडधडाट, आणि मग एकदम आलेल्या शांततेत फक्त आईच्या स्टोव्हचा फरफराट. सुट्टीच्या दिवशी भोंगा नसे, पण आमचा स्टोव्ह त्या दिवशी आणखी लवकर पेटे. अण्णांना अंजनेरीला नाहीतर हरिहरला नाहीतर रामशेजला जायचं असे. आई दुधात पीठ भिजवून दशम्या करी, खुरासणीची चटणी पुरचुंडीत बांधी आणि खाली शेखकाकांच्या सायकलची घंटा वाजली की अण्णा डबा पाठीवरच्या पिशवीत टाकून निघत. शेखकाका त्यांच्याच खात्यात होते. मूळचे मालेगावचे, घरातले सगळे मागावर काम करणारे, हे एकटेच लोखंडाकडे वळलेले. संध्याकाळी दोघे परत येत तेव्हा त्यांच्या अंगाला ऊन आणि गवताचा वास यायचा. अण्णा बूट गॅलरीच्या कठड्यावर पालथे घालत आणि कुठल्या कड्यावर कोण घाबरला ते सांगत. आई तांदूळ निवडत ऐकायची. ती सिन्नरजवळच्या एका खेड्यातली. तिचं डोंगराशी नातं म्हणजे लग्नानंतर एकदा चढलेल्या वणीच्या पायऱ्या.

मी एकुलती एक. शाळा संपल्यावर अण्णा मला बरोबर नेऊ लागले. ते झपाझप चालत. कोणी दम खायला बसलं तर ते बसत नसत, उभे राहून घड्याळाकडे बघत. "थांबलं की पाय जड होतात," हे त्यांचं वाक्य. मला त्यांच्या मागे धावायची सवय झाली आणि थकले तरी न सांगायचीही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, पावसाळ्याच्या मध्यावर, त्यांनी जेवताना जाहीर केलं की यंदा काश्मीर. श्रीनगर बघायचं नाही, त्याच्याही वर, जिथे डोंगरांत तळी आहेत तिथे. कारखान्यातला कोणीतरी जाऊन आला होता आणि त्याने काढलेले फोटो अण्णांनी आठवडाभर डब्याच्या पिशवीत सांभाळले होते. ते, शेखकाका आणि मी असे तिघे जाणार होतो.

ही बातमी मालूआत्याला कळली. ती अण्णांची मोठी बहीण, पंचवटीत राहायची, आणि घरातल्या लग्नकार्याचं आणि मुलींचं सगळं तिच्या संमतीने व्हायचं. ती रिक्षा करून आली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"लग्नाची पोर दोन पुरुषांबरोबर डोंगरात तंबू ठोकून राहणार? उद्या स्थळवाल्यांना काय सांगशील?"

"मी बाप आहे तिचा," अण्णा म्हणाले.

"बाप आहेस म्हणून एकटा नेशील. तो दुसरा कोण?"

शेखकाका तेव्हा समोरच बसले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. आई आतून हात पुसत आली आणि म्हणाली, "मग मी पण जाते. बाईमाणूस संगं असलं म्हंजे झालं ना, वन्सं?"

आत्याने आता पाणी मागितलं. अण्णांना मात्र तिने यायला नको होतं, पण बहिणीसमोर बायकोला नाही म्हटलं असतं तर माझंही जाणं रद्द झालं असतं. अशा रीतीने आई काश्मीरला आली. ती हौसेने आली की माझ्यासाठी आली की शेखकाकांचा कप खाली ठेवलेला तिला बघवला नाही म्हणून आली, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

तिने आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवला, तपकिरी रंगाचा, मळखाऊ. कॅनव्हासचे बूट घालून ती संध्याकाळी वसाहतीच्या मागच्या मोकळ्या मैदानाला फेऱ्या मारायची तेव्हा गॅलऱ्यांतून बायका हसायच्या आणि तीही हसायची. सामानात तिने छोटा कुकर घातला. अण्णांनी तो बाहेर काढला. तिने परत घातला. वर गेल्यावर कळलं की उघड्या पातेल्यात तिथे डाळ शिजतच नाही. पाणी उकळतं, पण दाणा कच्चाच राहतो. मग कुकरची शिट्टी झाली की अण्णा दुसरीकडे बघत.

रजा मोजकी होती, म्हणून आम्ही कुठेच थांबलो नाही. रेल्वेतून उतरून बस, बसमधून उतरून दुसरी बस, आणि श्रीनगरला फक्त रात्र काढून पायथ्याच्या नारानाग गावी. तिथे हबीबभाई आणि त्यांचा धाकटा भाऊ नझीर दोन घोडे घेऊन भेटले. एक तांबडा, एक करडा. हबीबभाई म्हणाले की एक दिवस खालीच आराम केला तर बरं. अण्णा म्हणाले, आराम नाशकात जाऊन करू. पुढे खूप वर्षांनी उंचीवरच्या विरळ हवेबद्दल मी वाचलं, तेव्हा वाटलं की आम्हाला कोणी सांगितलं असतं तरी अण्णांनी ऐकलं नसतं. सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरून माणूस जे शिकतो ते त्यांना सगळं येत होतं, आणि सह्याद्रीत ही गोष्ट शिकायला मिळत नाही.

पहिली चढण देवदारांच्या रानातून सरळ अंगावर येते. अण्णा पुढे गेले. मी त्यांच्या मागे. शेखकाका मधे, आणि आई सगळ्यांत शेवटी, नझीरच्या करड्या घोड्याबरोबर. ती थोडं चालायची, उभी राहायची, झाडाला हात लावून श्वास घ्यायची, पुन्हा थोडं चालायची. वरून अण्णांनी एकदा ओरडून सांगितलं, "अशाने दिवाळी उजाडेल!" ती खालून म्हणाली, "उजाडू द्या." रान संपलं तेव्हा समोर कुरण उघडलं, त्यात मेंढ्या, दगडी झोपड्या, धूर. कुरण ओलांडून अजून वर गेल्यावर हरमुखचा बर्फाळ डोंगर आणि त्याच्या पायाशी गंगबलचं तळं.

माझ्या दिराच्या मुलीने परवा फोनवर त्याच तळ्याचा व्हिडिओ दाखवला. काठावर रंगीबेरंगी तंबूंची रांग होती आणि मागे गाणं. पाणी तेच असावं. आम्ही गेलो तेव्हा काठावर आमचे दोन तंबू आणि पलीकडे एका मेंढपाळाचं पाल होतं, बाकी कोणी नाही. पाण्याचा रंग सांगायचा प्रयत्न मी अनेकदा केला आहे. निळा म्हटलं तर खोटं, हिरवा म्हटलं तर खोटं. ढग आला की ते शाईसारखं व्हायचं आणि ढग सरकला की तळाचे दगड दिसायचे. हबीबभाईंनी सांगितलं की इथले हिंदू लोक याला गंगाच मानतात, अस्थी इथे आणतात. आई म्हणाली, "आमच्याकडे पण गोदावरीला गंगाच म्हंतेत." नाशकात कोणी 'गोदावरीवर जाते' म्हणत नाही, 'गंगेवर जाते' म्हणतात. तिने बूट काढले, पाण्यात पाय घातला आणि लगेच बाहेर घेतला. मग ओंजळीने तोंडावर पाणी मारलं आणि मोठ्याने हसली. ती तशी हसताना मी वसाहतीत पाहिलेली नव्हती.

त्या संध्याकाळपासून अण्णांचं डोकं दुखत होतं. दुसरा दिवस तळ्याकाठी मुक्कामाचा होता. हबीबभाई म्हणाले पडून राहा, पण अण्णा एकटेच समोरच्या डोंगरधारेवर चढून गेले, तिथून शेजारचं दुसरं तळं आणि उद्याची खिंड दिसते म्हणून. दुपार कलल्यावर उतरले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा होता. आईने डाळभात वाढला. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि उलटी केली. "ऊन लागलं," म्हणाले. तिथे ऊन लागण्यासारखं ऊन नव्हतं.

सकाळी आम्ही तंबू गुंडाळत होतो. पुढचा रस्ता खिंडीवरून सातसरकडे जाणारा. मी पाहिलं तर अण्णा एका दगडावर बसून बुटाची नाडी बांधत होते. मी माझी पिशवी भरली, तंबूचे खुंट मोजून घेतले, तरी ते नाडीच बांधत होते. दोन्ही टोकं हातात धरायचे, बघायचे, सोडायचे. आई चहा घेऊन त्यांच्याजवळ गेली. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "भोंगा झाला का?"

आईने चहा खाली ठेवला. ती चार पावलं मागे सरकली आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, जरा माझ्याकडे चालत या."

"कशाला?"

"या तर."

ते उठले आणि चालू लागले. अण्णांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, पण ते तसे चालले. पाऊल आईकडे टाकायचे आणि शरीर पाण्याकडे जायचं. शेखकाकांनी पुढे होऊन त्यांना धरलं.

"झोप झाली नाही," अण्णा म्हणाले. "खिंड ओलांडली की मोकळं वाटेल. उशीर करू नका."

शेखकाका वाकून त्यांची नाडी बांधू लागले. "वहिनी, आपण याला घोड्यावर बसवू. एवढ्या लांबून आलोय. खिंड पार झाली की मग उतारच आहे."

हबीबभाई घोड्याचा लगाम धरून उभे होते. "साहब बोलें तो धीरे-धीरे निकलते हैं," ते म्हणाले. "कभी ठीक भी हो जाता है, कभी नहीं होता। मैं क्या बोलूँ।"

"खिंड इथून वर हाय का खाली?" आईने शेखकाकांना विचारलं.

"वर. पण जास्त नाही."

"वर आल्यावर बिघडलंय ना त्यांचं? मग आणखी वर नाय न्यायचं. खाली न्यायचं." आणि हबीबभाईंकडे वळून ती तिच्या हिंदीत म्हणाली, "घोडा नीचे लेके जानेका। अभी।"

अण्णा चिडले. त्यांचे शब्द जड येत होते, पण राग स्वच्छ होता. "तुला काय कळतं डोंगरातलं? वणीच्या पायऱ्या चढून आलेली तू!"

"डोंगरातलं नाय कळत," आई म्हणाली. "तुमचं कळतं. ताप असू द्या, काय असू द्या, तुम्ही भरल्या ताटावरून कधी उठला नाय. आन् आत्ता मला भोंगा विचारला."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. आपण काय विचारलं ते त्यांना आठवत नव्हतं, हे दिसत होतं. मला वाटतं तेवढा एक क्षण ते घाबरले. मग पुन्हा दगडावर बसले आणि म्हणाले की ते जाणार नाहीत. त्यांच्यामुळे सगळ्यांचं जाणं मोडणार असेल तर ते इथेच बसतील, बाकीच्यांनी पुढे जावं. हे ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले, लहान मुलासारखं, त्याच शब्दांत. सगळ्यांचं मोडायचं नाही. आईने हात धरला तर त्यांनी झटकला. धरून जबरदस्तीने घोड्यावर बसवावं तर ते अंगाने शेखकाकांना भारी होते, आणि साहेबाला हात लावायला हबीबभाई धजत नव्हते. आणि वेळ जात होता. त्यांचा श्वास आता आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता.

आई त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "बरं," ती म्हणाली. "नाय मोडायचं. शेखभाऊ आन् नलू पुढं जातील. सगळी तळी बघतील, पलीकडून सोनमर्गला उतरतील. आपण दोघं खाली जाऊ. मग तर उतराल?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "नलू जाईल?"

"जाईल."

"शेख?"

शेखकाकांनी आईकडे पाहिलं. "जाईन, सोनवणे," ते अण्णांना म्हणाले. "पोरीला नीट नेईन."

मी आईला बाजूला ओढलं आणि सांगितलं की मी कुठेही जाणार नाही, तुमच्याबरोबर खाली येणार. तिने माझं मनगट धरलं. तिचा हात बर्फासारखा होता. "तू चढताना दिसलीस तर ते उतरतील," ती म्हणाली. "न्हाई तर हितंच बसतील आन् माझ्या हातून जातील. कंगनच्या स्टँडवर भेटू. जा. मागं वळू नको, ते बघत असतील." कंगन म्हणजे नारानागच्या खालचं, मोटारीच्या रस्त्यावरचं गाव. सोनमर्गहून येणारी बसही तिथूनच जाते.

हबीबभाई तांबडा घोडा घेऊन त्यांच्याबरोबर खाली जाणार होते, नझीर करड्या घोड्यावर तंबू आणि शिधा घेऊन आमच्याबरोबर. आम्ही चढू लागलो. मी वळले नाही. शेखकाका चालता चालता एकदा वळले आणि म्हणाले, "बसला घोड्यावर." मग पुन्हा एकदा, "निघाले." एका वळणावर तळं मागे गेलं आणि शेखकाका थांबले. आता परत फिरलो असतो तरी चाललं असतं का, हे दोघांच्याही मनात होतं. "फिरायचं का, काका?" मी विचारलं. ते म्हणाले, "वाटेत त्याने आपल्याला बघितलं तर तो घोड्यावरून उतरेल. वहिनींना शब्द दिलाय." आम्ही पुढे निघालो.

यानंतरच्या दिवसांबद्दल लोक मला विचारतात तेव्हा त्यांना वाटतं मी रडत चालले असेन. तसं झालं नाही. खिंडीवर पोचल्यावर मागे गंगबल आणि त्याच्या शेजारचं छोटं तळं असं दोन्ही एकदम दिसलं, आणि ते इतकं सुंदर होतं की मी बघत उभी राहिले. सातसरची तळी एकापाठोपाठ एक, काही निम्मी आटलेली, दगडांत साचलेली. मग गडसर, ज्याच्या एका कडेला भर पावसाळ्यातही बर्फाचे तुकडे तरंगत होते आणि काठाला पिवळ्या-जांभळ्या फुलांचा इतका दाट गालिचा की पाय कुठे ठेवावा कळेना. मी ते सगळं नीट पाहिलं. एका डोळ्याने तळं पाहायचं आणि मनात कुठेतरी तांबडा घोडा उतरतोय, असं सतत चाललेलं असे; पण एकाने दुसऱ्याला पुसलं नाही. माणसाला हे जमतं, हे मला त्या वयात कळलं. बातमी मिळण्याचा काही मार्ग नव्हता. वाटेत भेटणारे मेंढपाळ आम्हाला चहा देत, मिठाचा, गुलाबी रंगाचा. खालचं त्यांनाही काही ठाऊक नसायचं.

शेखकाका त्या दिवसांत फार कमी बोलले. त्यांनी माझा तंबू नेहमी वाऱ्याच्या आडोशाला लावला आणि स्वतः नझीरबरोबर दुसऱ्यात झोपले. डाळ ते करायचे. आईचा कुकर आमच्याकडेच राहिला होता. नमाजाला ते तळ्याच्या काठी लांब जात आणि परत यायला दरवेळी थोडा जास्त वेळ लागे. एकदा परत आल्यावर म्हणाले, "तुझा बाप माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतं. चालताना ते अण्णांसारखे घाई करत नव्हते. मी पुढे गेले तर हाक मारून थांबवत. गडसरच्या खिंडीची चढण आम्ही इतक्या सावकाश चढलो की नझीर मधेमधे झोपून घेत होता.

विशनसरच्या काठी शेवटचा मोठा मुक्काम झाला, मग आणखी एक खिंड, आणि सोनमर्गकडची भूर्जांची रानं दिसू लागली. तिथे मात्र मी थांबले. इतके दिवस खाली जायचं होतं आणि आता खाली आल्यावर काय कळेल याची भीती वाटू लागली. शेखकाका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "चल," म्हणाले. "जे असेल ते झालेलंच आहे." बसमध्ये त्यांनी मला खिडकी दिली आणि सगळा रस्ता समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले.

कंगनच्या स्टँडजवळ एक चहाचं दुकान होतं, बाहेर लाकडी बाक. बस थांबायच्या आधीच मी तपकिरी ड्रेस पाहिला. आई बाकावर भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या शेजारी, दाढी वाढलेले, तिची शाल पांघरलेले, हातात पाव धरून अण्णा. शेखकाका बसमधून उतरले आणि सरळ दुकानामागे निघून गेले. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. अण्णा उठू लागले तर काकांनी त्यांच्या खांद्यावर हात दाबून त्यांना बसवलं आणि म्हणाले, "साल्या सोनवणे."

जे घडलं ते आईने थोडक्यात सांगितलं. देवदारांचं रान लागेपर्यंत अण्णा घोड्यावर नीट बसत नव्हते, हबीबभाईंनी त्यांना चादरीने खोगिराला बांधलं आणि आई एका बाजूने धरून चालली. रानात उतरल्यावर त्यांनी पाणी मागितलं. पायथ्याला पोचेपर्यंत ते वाक्य पूर्ण बोलत होते. मग जीप, दवाखाना, नळी लावून हवा दिली, काही दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर तिला नेमकं काय म्हणाले ते तिने तेव्हा सांगितलं नाही. अण्णा गेल्यानंतर सांगितलं. आणखी अर्धा दिवस वर राहिले असते तर उतरवायला माणूस उरला नसता, असं डॉक्टर म्हणाले होते.

अण्णांनी पुढे कधीही हा प्रसंग स्वतःहून काढला नाही. शेखकाका वसाहतीत कोणाला सांगू लागले की अण्णा उठून नळाला पाणी आलं का बघायला जायचे. पण हे नंतरचं. त्या दिवशी कंगनला आम्ही चौघं चहा पीत बसलो होतो. उन्हात बाक तापला होता. आईने माझ्या गालाला हात लावला, कातडी सोलवटली होती तिथे, आणि विचारलं, "कशी होती गं तळी?"

मी सांगू लागले. खिंडीवरून मागे काय दिसलं इथपर्यंत आले तेव्हा आईचा श्वास बदलला. डोकं हळूहळू कलत अण्णांच्या खांद्यावर टेकलं. ती झोपली होती, तोंड किंचित उघडं, हातातला कप तसाच धरलेला. भर स्टँडवर, इतक्या लोकांत. अण्णा अजिबात हलले नाहीत. त्यांनी दुसऱ्या हाताने तिच्या बोटांतून कप सोडवून घेतला आणि जमिनीवर ठेवला. मी बोलायची थांबले होते.

"थांबू नको," अण्णा पुटपुटले. "हळू सांग. खिंडीच्या पलीकडे काय होतं?"